सद्गुण, राजकारण आणि मन वळवण्याची विद्या : ग्रीक तत्त्वज्ञान वाचायला कुठून आणि कसे बसावे

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान वाचायचे मनावर घेतलेले बहुतेक जण आधी प्लेटोचे ‘रिपब्लिक’ उघडतात, कारण नाव त्याचेच ऐकलेले असते. मीही तेच केले होते. दहा भागांपैकी चौथा संपत आला, तरी आपण न्यायाबद्दल वाचतो आहोत, शिक्षणाबद्दल की एका काल्पनिक नगराच्या व्यवस्थेबद्दल, हे मला धड सांगता आले नसते. पुस्तक मिटले आणि काही वर्षे ते तसेच पडून राहिले. पुढे ‘गॉर्गियास’ हा संवाद हाती आला, तेव्हा चूक कुठे झाली ते कळले. माणूस चांगला कशाने होतो, नगर चांगले कशाने चालते आणि शब्दांनी दुसऱ्याचे मन वळवणारा नेमके काय करत असतो, हे आपण तीन वेगळे विषय मानतो आणि तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या आणि चौथ्या शतकांतील अथेन्समध्ये तो एकच प्रश्न होता. युद्ध, तह आणि मृत्युदंड यांचे निर्णय जिथे भाषणे ऐकून बहुमताने होतात, तिथे चांगले बोलणारा माणूस चांगला असतोच का, ही शंका रोजच्या जगण्यातून येते.

हा एक धागा हातात ठेवून कोणत्या क्रमाने वाचावे, कुठे थांबावे आणि कुठे घसरायला होते, ते पुढे सांगितले आहे. ग्रीक भाषा येत नसलेल्या, तत्त्वज्ञानाचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या, पण मूळ ग्रंथ स्वतः वाचू इच्छिणाऱ्या वाचकासाठी हे लिहिले आहे.

वाचायला बसण्यापूर्वी जवळ काय हवे

- प्लेटोचे चार संवाद: ‘अपॉलॉजी’, ‘गॉर्गियास’, ‘मेनो’ आणि ‘प्रोटागोरस’. त्यानंतर ‘रिपब्लिक’.
- ॲरिस्टॉटलचे तीन ग्रंथ: ‘निकोमॅकियन एथिक्स’, ‘पॉलिटिक्स’ आणि ‘ऱ्हेटोरिक’.
- थ्युसिडिडीजच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या इतिहासाचा तिसरा भाग. सगळा ग्रंथ लागत नाही.
- समासात पानांचे आकडे छापलेली आवृत्ती. प्लेटोचे संदर्भ १५७८ साली जिनिव्हात निघालेल्या स्टेफानसच्या आवृत्तीच्या पानांनी देतात, तर ॲरिस्टॉटलचे संदर्भ बर्लिनच्या अकादमीसाठी बेकरने संपादित केलेल्या १८३१ च्या आवृत्तीच्या पानांनी देतात. भाषांतर कोणतेही असो, हे आकडे बदलत नाहीत.
- शक्य असेल तेथे एकाच ग्रंथाची दोन भाषांतरे. बेंजामिन जोवेटने एकोणिसाव्या शतकात केलेली प्लेटोची इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर मोफत मिळतात. पर्सियस या डिजिटल ग्रंथालयात मूळ ग्रीक पाठ आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही पाहता येतात.
- व्यक्ती आणि संज्ञा यांच्या ओळखीसाठी मराठी विश्वकोशातील नोंदी, आणि एक वही.

पहिला सापळा इथेच आहे. स्वस्त पुनर्मुद्रणांत आणि मोफत फाइलींत समासातले आकडे पुष्कळदा गाळलेले असतात. सुरुवातीला त्यांचे काही वाटत नाही, पण दोन भाषांतरे ताडून पाहण्याची वेळ आली की एकेक परिच्छेद शोधण्यात संध्याकाळ जाते. पुस्तक घेण्याआधी एखादे मधले पान उघडून आकडे आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

१. आधी सभा आणि न्यायालय डोळ्यांसमोर आणा

अथेन्सची लोकसभा ॲक्रोपोलिसच्या पश्चिमेला असलेल्या निक्स टेकडीवर भरत असे. काही निर्णयांना किमान ६,००० नागरिकांची उपस्थिती लागे. प्रतिनिधी निवडून पाठवण्याची पद्धत नव्हती. नागरिक स्वतः येत, बोलणाऱ्यांचे ऐकत आणि हात वर करत. हा अधिकार फक्त प्रौढ पुरुष नागरिकांना होता. स्त्रिया, परदेशी रहिवासी आणि गुलाम त्याच्या बाहेर होते, आणि पुढे ‘नागरिक’ हा शब्द येईल तेव्हा ही मर्यादा लक्षात ठेवावी लागेल.

न्यायालयांचीही रचना अशीच होती. शेकडो सामान्य नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि तेच न्याय करत. आजच्या अर्थाने वकील नव्हते. फिर्यादी आणि आरोपी यांना स्वतःच बोलावे लागे. फार तर लिसियाससारख्या लेखकाला पैसे देऊन भाषण लिहून घेता येई. दोन्ही बाजूंना वेळ पाण्याने मोजून मिळे. अथेन्सच्या अगोऱ्यातील, म्हणजे नगराच्या मुख्य चौकातील उत्खननात सापडलेले एक मातीचे घटिकापात्र सुमारे सहा मिनिटांत रिकामे होते. भाषणे संपली की आपसात चर्चा न करता थेट मतदान होई. जीव वाचवायचा तर बोलता यायला हवे, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक होते, आणि बोलायला शिकवणाऱ्या सोफिस्ट गुरूंना श्रीमंत घरांतून एवढी मागणी का होती, ते यावरून समजते.

आता थ्युसिडिडीजच्या तिसऱ्या भागातील ३६ ते ४९ ही प्रकरणे वाचा. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनी या नगराने केलेला उठाव मोडल्यावर अथेन्सच्या सभेने तिथले सर्व प्रौढ पुरुष मारावेत आणि स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकावीत असा ठराव केला, आणि तो घेऊन जहाज रवाना झाले. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप वाटू लागला आणि सभा पुन्हा बसली. क्लिऑनने ठराव कायम ठेवण्याची मागणी केली, डायोडोटसने तो फिरवण्याची. थोड्याच मतांच्या फरकाने डायोडोटस जिंकला. दुसरे जहाज वल्हवणारे लोक वल्ही न सोडता जेवले आणि जेमतेम वेळेत पोहोचले. उठावाच्या म्होरक्यांना मात्र पुढे मारण्यात आलेच.

हा प्रसंग वाचताना एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. डायोडोटस दयेची याचना करत नाही, उलट दयेला बळी पडू नका असेच म्हणतो. मिटिलिनीच्या लोकांना जिवंत ठेवणे अथेन्सच्या फायद्याचे आहे, एवढ्याच मुद्द्यावर तो बोलतो, आणि या सभेत चांगला सल्ला देणाऱ्यालाही विश्वास बसावा म्हणून खोटे बोलावे लागते, असेही सांगतो. हजारो जीव वाचवणारे भाषण न्यायाचा मुद्दा बाजूला ठेवून करावे लागले. त्याच वर्षी सिसिलीतील लिओंटिनी नगराचा दूत म्हणून गॉर्गियास नावाचा वक्ता अथेन्सला आला आणि त्याच्या शैलीने लोक भारावून गेले. प्लेटोचा जन्मही याच सुमाराचा.

२. पाच शब्दांचे पान तयार करा

भाषांतरातील काही शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसवतात. वहीचे पहिले पान त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि वाचन पुढे जाईल तशी त्यात भर घाला.

*अरेते.* याचे भाषांतर ‘सद्गुण’ असे करतात आणि मग वाचकाला लहानपणची सुविचारांची फळी आठवते. ग्रीक भाषेत मात्र सुरीची अरेते असते, घोड्याची असते, डोळ्याचीही असते: जी गोष्ट ज्या कामाची, ते काम उत्तम करण्याची तिची क्षमता. आपण ‘औषधाला गुण आला’ म्हणतो किंवा एखाद्या वैद्याच्या ‘हाताला गुण आहे’ म्हणतो, तेव्हा ‘गुण’ शब्दाचा जो अर्थ मनात असतो, तो अरेतेच्या फार जवळ जातो. असा गुण माणसाच्या सबंध जगण्याला कशाने येईल, हा प्लेटोचा गुरू आणि त्याच्या संवादांतला मुख्य वक्ता सॉक्रेटिस याचा प्रश्न आहे. हे ध्यानात आले की ‘सद्गुण शिकवता येतो का’ हे वाक्य कोरडे राहत नाही.

*टेखने.* कला, विद्या, कारागिरी. वैद्य, नावाडी आणि सुतार यांच्याजवळ असलेले, कारण सांगता येणारे आणि शिकवता येणारे ज्ञान. नुसत्या सरावाने बसलेल्या हाताला ग्रीक भाषेत वेगळा शब्द आहे, ‘एम्पेइरिया’. ‘गॉर्गियास’मधला मोठा वाद या दोन शब्दांच्या फरकावर उभा आहे.

*पिस्तिस.* विश्वास, मनाला पटलेली गोष्ट, आणि ॲरिस्टॉटलच्या लेखनात ती पटवण्याचे साधनही. मराठीत ‘समजावणे’ आणि ‘पटवणे’ यांत जो फरक आहे तो इथे उपयोगी पडतो. जे समजले ते आपण दुसऱ्याला कारणांसह सांगू शकतो. जे केवळ पटले ते तसे सांगता येईलच असे नाही.

*युडायमोनिया.* ‘सुख’ हे भाषांतर सर्वांत जास्त घोटाळा करते. क्षणाच्या आनंदाला हा शब्द नाही. एका आयुष्याकडे पाहून ‘हा माणूस खरोखर चांगला जगला’ असे म्हणता येईल ती अवस्था. मी वहीत ‘कृतार्थ जगणे’ असे लिहिले आहे.

*नोमोस आणि फ्युसिस.* ही जोडी एकत्रच लिहा. नोमोस म्हणजे माणसांनी ठरवलेले, कायदा, रूढी, संकेत. फ्युसिस म्हणजे निसर्गतः असलेले. न्याय यांपैकी कशात मोडतो, यावर त्या काळची अर्धी भांडणे झाली.

३. ‘अपॉलॉजी’ एका बैठकीत वाचा

सॉक्रेटिसने न्यायालयात केलेल्या बचावाच्या भाषणाचा हा ग्रंथ स्टेफानसच्या पानांनी १७ ते ४२ एवढाच आहे, म्हणून मध्ये न थांबता वाचावा. इ.स.पू. ३९९ मध्ये मेलेटस, अॅनिटस आणि लायकॉन यांनी सॉक्रेटिसवर खटला भरला. नगराच्या देवांना न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे हे आरोप होते. सॉक्रेटिस तेव्हा सत्तर वर्षांचा होता.

पहिल्याच वाक्यावर थांबा. फिर्यादींचे बोलणे तुम्हाला कसे वाटले मला ठाऊक नाही, ते इतके मन वळवणारे होते की मी स्वतः कोण हेच जवळजवळ विसरलो, पण त्यात खरे असे जवळपास काहीच नव्हते, अशा आशयाने तो सुरुवात करतो. मन वळवणे आणि खरे सांगणे यांतील फट इथे पहिल्या ओळीत उघडते आणि या लेखात सांगितलेल्या सगळ्या वाचनात ती बुजत नाही. पुढे ३२ व्या पानावर तो इ.स.पू. ४०६ ची आठवण सांगतो. आर्गिन्यूसीच्या समुद्रयुद्धानंतर सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवण्याच्या बेकायदेशीर मागणीला त्या दिवशीच्या कार्यकारी मंडळात त्याने विरोध केला, आणि संतापलेल्या सभेपुढे तो विरोध टिकला नाही.

दोष ठरवणारा निकाल थोड्या मतांनी गेला. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर सुटका झाली असती, असे सॉक्रेटिसच म्हणतो. मग शिक्षा सुचवण्याची पाळी आली, तेव्हा त्याने आपल्याला नगराच्या खर्चाने जेवण मिळावे असे सुचवले. वाचक इथे चमकतो. ही बेफिकिरी होती, की न्यायाधीशांची लाडीगोडी करायची नाही या निश्चयाचा शेवट? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, पण तुम्ही आपले मत आताच लिहून ठेवा आणि ‘गॉर्गियास’ संपल्यावर पुन्हा तपासा.

या छोट्या ग्रंथाचा आपल्याशीही थेट संबंध आला आहे. गांधीजींनी १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा गुजराती सारांश सत्यासाठी लढणाऱ्या वीराची कथा म्हणून छापला, आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली. तेवीसशे वर्षे जुने बचावाचे भाषण परक्या सरकारला राजद्रोही वाटले, ही गोष्ट वाचताना मनात असू द्यावी.

४. ‘गॉर्गियास’: इथे महिनाभर राहा

माझ्या मते या संपूर्ण विषयाचा दरवाजा हा संवाद आहे, म्हणून इथे घाई करू नये. ४४७ ते ५२७ अशी ऐंशी पाने आहेत आणि तीन माणसे एकामागून एक सॉक्रेटिससमोर येतात.

पहिला खुद्द गॉर्गियास. वैद्य असलेल्या भावाचे औषध घ्यायला रोगी तयार नसे तेव्हा मी नुसत्या बोलण्याने त्याला तयार केले, असे तो अभिमानाने सांगतो. वक्तृत्वाचा कोणी गैरवापर केला तर दोष शिकवणाऱ्याचा नाही, जसा मुष्टियुद्ध शिकून बापाला मारणाऱ्याचा दोष उस्तादाचा नाही, असेही म्हणतो. दोन्ही विधाने ऐकायला वाजवी आहेत. पण शिष्याला न्याय-अन्याय ठाऊक नसेल तर तेही मी शिकवीन असे तो कबूल करतो आणि अडकतो, कारण ज्याला न्याय शिकवला तो गैरवापर करील कसा?

दुसरा पोलस, तरुण आणि उतावळा. त्याच्याशी बोलताना सॉक्रेटिस वक्तृत्वाला टेखने मानायलाच नकार देतो आणि ४६४ ते ४६६ या पानांत एक मांडणी करतो. ती वहीत आकृती काढून लिहावी. शरीराची काळजी घेणाऱ्या दोन खऱ्या विद्या, व्यायाम आणि वैद्यक. त्यांचे सोंग घेणाऱ्या दोन, नटवेपणा आणि पाककला. आत्म्याची काळजी घेणाऱ्या दोन, कायदे करणे आणि न्याय देणे. त्यांचे सोंग घेणाऱ्या दोन, सोफिस्टांची शिकवणी आणि वक्तृत्व. सोंग घेणाऱ्या चारही गोष्टींना तो एकच नाव देतो: खुशामत. त्या समोरच्याला काय आवडेल ते पाहतात, काय हिताचे आहे ते पाहत नाहीत. याच संवादात पुढे, ५२१ व्या पानाच्या सुमारास, या मांडणीचे चित्र होते: लहान मुलांचे न्यायालय, आरोपी वैद्य आणि फिर्यादी आचारी. याने तुम्हाला कडू काढे दिले, उपाशी ठेवले, मी मात्र गोडधोड करून घातले, असे आचारी म्हणाला तर वैद्याने काय बोलावे? ‘अपॉलॉजी’ वाचून आलेल्या माणसाला हा वैद्य कोण ते सांगावे लागत नाही.

पोलसशी होणाऱ्या वादाचे दुसरे अंग याहून कठीण आहे. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट, आणि अन्याय करून शिक्षा न होणे सर्वांत वाईट, असा सॉक्रेटिसचा दावा आहे. पोलस मॅसिडोनियाच्या आर्केलाउसचे उदाहरण देतो, जो खून करून गादीवर बसला आणि ऐश्वर्यात राहिला. आता ४७४ आणि ४७५ ही पाने कागद-पेन्सिल घेऊन वाचा. अन्याय करणे अधिक लाजिरवाणे आहे एवढे पोलसने मान्य केले, की सॉक्रेटिस त्यावरून ते अधिक अपायकारक आहे असे काढतो. पण लाजिरवाणे कोणाच्या नजरेला, आणि अपाय कोणाला? पाहणाऱ्याला की करणाऱ्याला? हा प्रश्न पोलस विचारत नाही. तो तुम्ही विचारायचा आहे.

यातून एक सवय लावून घ्या, ती पुढे सर्वत्र उपयोगी पडेल. समोरचा जेव्हा जेव्हा ‘होय, सॉक्रेटिस’ म्हणतो, तेव्हा पान झाकून स्वतःला विचारा, मी होय म्हटले असते का? जिथे नाही म्हटले असते तिथे समासात खूण करा. या खुणांची यादी म्हणजेच तुमचे खरे वाचन. सॉक्रेटिसचे प्रत्येक विधान ही प्लेटोची शिकवण आणि प्रत्येक युक्तिवाद बिनचूक असे समजून वाचणे हा नवख्या वाचकाचा सर्वांत मोठा सापळा आहे. प्लेटोने ग्रंथ नव्हे तर संवाद लिहिले, ते वाचकाला वादात ओढण्यासाठी, अशी माझी समजूत वाचता वाचता पक्की होत गेली.

तिसरा कॅलिक्लीज, आणि त्याच्यासाठीच हा संवाद पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तो म्हणतो, आधीचे दोघे लाजेपायी अडकले; मी लाजणार नाही. कायदे दुबळ्यांनी आपल्या रक्षणासाठी केले, निसर्गात बलवानाने अधिक घ्यावे हाच न्याय, आणि आपण सिंहाच्या छाव्यांना मंत्र घालून माणसाळवतो. तत्त्वज्ञान तरुणपणी ठीक, पण म्हातारपणीही त्यातच रमलास तर कोणी तुला खोट्या आरोपावरून न्यायालयात ओढील आणि तू तोंड उघडून नुसता पाहत राहशील. वाचकाला ठाऊक असते की हे खरे ठरले आणि सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला. प्लेटोने प्रतिपक्षाला एवढे बळ दिले आहे, म्हणून कॅलिक्लीजला खलनायक ठरवून पुढे जाऊ नका. त्याची बाजू आपल्या शब्दांत एका पानात लिहा, आणि ती वाचून त्याला समाधान वाटेल अशी लिहा.

५. ‘मेनो’ आणि ‘प्रोटागोरस’

या दोघांवर फार वेळ घालवू नका, पण गाळूही नका. ‘मेनो’ पहिल्याच वाक्यात विचारतो: अरेते शिकवण्याने येते, सरावाने येते, की जन्मतः असते? शेवटाकडे लॅरिसाच्या रस्त्याचे उदाहरण येते. रस्ता ठाऊक असलेला आणि रस्त्याबद्दल केवळ बरोबर अंदाज असलेला, दोघेही पोहोचवतात, मग ज्ञानाचे वेगळेपण काय? पुढाऱ्यांबद्दल हा प्रश्न विचारून पाहा. सॉक्रेटिसचा पुढचा फिर्यादी अॅनिटस या संवादात येऊन धमकी देऊन जातो, तेही चुकवू नये.

‘प्रोटागोरस’मधील ३२० ते ३२८ ही पाने आवर्जून वाचावीत, कारण लोकशाहीच्या बाजूने इतके नेटके बोलणे प्लेटोच्या लेखनात क्वचित सापडते. प्रोटागोरस हा सोफिस्ट तिथे एक कथा सांगतो: देवांचा राजा झ्यूस याने आपला दूत हर्मिस याच्याबरोबर लज्जा आणि न्यायबुद्धी पाठवली आणि त्या सर्वांना वाटायला सांगितल्या, वैद्यकासारख्या मोजक्यांना नाही. म्हणून जहाजबांधणीचा सल्ला तज्ज्ञाचा घेतात, पण नगराच्या कारभारावर कोणीही बोलू शकतो. सोफिस्ट म्हणजे शब्दांचे जादूगार एवढीच कल्पना असेल तर ती इथे सोडावी लागते.

६. आता ‘रिपब्लिक’

पहिल्या भागातला थ्रासिमेकस आता ओळखीचा वाटेल. न्याय म्हणजे बलवानाचे हित, हे त्याचे म्हणणे कॅलिक्लीजच्या गावचेच आहे. पण ग्रंथाची खरी सुरुवात दुसऱ्या भागात होते. संवादातला ग्लॉकॉन हा तरुण अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट सांगतो आणि मागणी करतो: कोणी पाहत नसताना, उलट बदनामी पदरी येत असतानाही न्यायाने वागणे का चांगले, ते दाखव. पुढचे नगर, त्याचे तीन वर्ग, रक्षकांचे शिक्षण हे सारे या मागणीच्या उत्तरासाठी उभे केले आहे. एवढे मला आधी कळले असते तर पुस्तक चौथ्या भागात मिटले नसते. दर भागाच्या शेवटी वहीत एकच वाक्य लिहा: ग्लॉकॉनच्या मागणीचे काय झाले?

सातव्या भागातील गुहेजवळ मराठी वाचकासाठी खास सापळा आहे. या रूपकात माणसे गुहेत जखडलेली असतात आणि समोरच्या भिंतीवरच्या सावल्यांनाच खरे मानतात. भिंतीवरच्या सावल्या वाचताच आपल्याला माया आठवते, आणि आत्म्याचे तीन अंश वाचताच सत्त्व, रज, तम. तुलना करावी, पण मूळ मजकूर संपल्यावर. गुहेतून बाहेर पडलेल्याला इथे परत खाली जावे लागते, त्याच अंधारात बसून राज्य चालवावे लागते, आणि सावल्यांत मुरलेले लोक त्याला मारायला उठतील अशी शक्यता सांगितलेली आहे. गुहा ही राजकारणाची गोष्ट आहे. तिला मुक्तीची गोष्ट करून टाकले की तिच्यातून सॉक्रेटिसचा खटलाच निघून जातो.

७. ॲरिस्टॉटल: एथिक्सपासून पॉलिटिक्सपर्यंत

इथे भाषा बदलते. ॲरिस्टॉटलने वीस वर्षे प्लेटोच्या अकादमीत काढली, पण आपल्यापर्यंत आलेले त्याचे ग्रंथ बहुधा अध्यापनाच्या टिपणांसारखे आहेत. दिवसाला एक प्रकरण पुरे. ‘निकोमॅकियन एथिक्स’चा पहिला, दुसरा आणि सहावा भाग आधी, मग मैत्रीवरचे आठवा आणि नववा, आणि शेवटी दहाव्याचे अखेरचे प्रकरण, असा क्रम मला मानवला.

दुसऱ्या भागाचा मुद्दा असा की घर बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. सवय आणि चारित्र्य यांच्या ग्रीक शब्दांत केवळ पहिल्या स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाचा फरक आहे, आणि तो स्वतः तिकडे लक्ष वेधतो. इथे एक सावधगिरी. आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो, उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे, हे ॲरिस्टॉटलच्या नावावर सर्वत्र फिरणारे वाक्य त्याचे नाही. ते विल ड्यूरंट या अमेरिकी लेखकाने १९२६ च्या आपल्या पुस्तकात ॲरिस्टॉटलचा विचार सांगताना लिहिले. पानाचा आकडा नसलेले कोणतेही ग्रीक सुवचन वहीत उतरवू नये.

सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो, हा मध्यमत्वाचा सिद्धांत वाचताना ‘अति तेथे माती’ आठवते, पण ती म्हण अर्धीच बाजू सांगते. रागवायला हवे तिथे जो रागवत नाही, त्यालाही ॲरिस्टॉटल दोष देतो. शिवाय मध्य म्हणजे सरासरी नव्हे. मायलो पहिलवानाला कमी पडणारा आहार नवशिक्याला जास्त होईल. आणि चोरी, व्यभिचार, हत्या यांना मध्य नसतोच.

एथिक्सचे शेवटचे प्रकरण सांगते की चांगल्या सवयी लागायला चांगले कायदे हवेत, आणि तिथूनच ‘पॉलिटिक्स’ सुरू होते. त्याचा पहिला भाग कष्टाने वाचावा लागतो, कारण काही माणसे निसर्गतः गुलाम असतात असे तो तिथे मांडतो. तो भाग वगळू नका आणि काळाचा दोष म्हणून झाकूही नका. कायद्याने लादलेली गुलामगिरी अन्याय्य आहे असे मानणारे लोक त्याच्या काळात होते आणि तो त्यांना उत्तर देत होता, म्हणजे प्रश्न विचारला गेलेला होता. वर्णाच्या नावाने माणसांच्या कामाची वाटणी जन्माने पक्की केलेल्या समाजात वाढलेल्या वाचकाला ही पाने कोरडेपणाने वाचता येणार नाहीत, आणि वाचूही नयेत. तिसऱ्या भागाच्या अकराव्या प्रकरणात मात्र तोच लेखक सांगतो की एकट्याच्या खर्चाने केलेल्या मेजवानीपेक्षा अंगतपंगतीचे जेवण अधिक चांगले होऊ शकते, तसे पुष्कळ सामान्य माणसे एकत्र बसून एका श्रेष्ठ माणसापेक्षा चांगला निर्णय घेऊ शकतात. प्लेटोच्या आचाऱ्याला ॲरिस्टॉटलने दिलेले उत्तर म्हणून मी हे प्रकरण वाचतो.

८. ‘ऱ्हेटोरिक’ आणि पुन्हा ‘गॉर्गियास’

‘ऱ्हेटोरिक’चे पहिले वाक्य म्हणते की वक्तृत्वविद्या ही संवादातून तपासण्याच्या विद्येची ‘अँटिस्ट्रोफोस’, म्हणजे जोडीदार आहे. आता ‘गॉर्गियास’चे ४६५ वे पान काढा. तिथे सॉक्रेटिस वक्तृत्वाला पाककलेची अँटिस्ट्रोफोस म्हणतो. शब्द तोच, जोडी बदलली. भाषांतरात हे बहुधा हरवते, म्हणूनच मूळ ग्रीक पाठ दाखवणाऱ्या पर्सियसचा उल्लेख सुरुवातीला केला.

ॲरिस्टॉटल वक्तृत्वाला टेखनेचा दर्जा देतो, पण फुकट देत नाही. न्यायाधीशाला राग, मत्सर, कीव यांकडे वळवणे म्हणजे ज्या पट्टीने मोजायचे तीच वाकवणे, असे तो पहिल्याच प्रकरणात म्हणतो. प्रत्येक प्रसंगी मन वळवण्यासाठी काय काय उपलब्ध आहे ते पाहण्याची क्षमता, ही त्याची व्याख्या आहे. जिंकण्याची हमी तिच्यात नाही. वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची भावस्थिती आणि खुद्द युक्तिवाद ही तीन साधने तो सांगतो. आजच्या प्रशिक्षण शिबिरांत ही त्रयी विक्रीचे सूत्र म्हणून शिकवली जाते, तिथे एक गोष्ट निसटते: चारित्र्याचा विश्वास भाषणातूनच निर्माण व्हावा, आधीच्या नावलौकिकातून नव्हे, असे तो स्पष्ट म्हणतो. दुसऱ्या भागातील २ ते ११ ही भावनांवरची प्रकरणे सावकाश वाचा. राग कोणाचा, कशावरून आणि कोणत्या मनःस्थितीत येतो, याचे असे निरीक्षण मला इतरत्र मिळालेले नाही.

शेवटचे काम वहीत करायचे आहे. क्लिऑन आणि डायोडोटस यांची भाषणे परत काढा आणि प्रत्येक युक्तिवादापुढे या तीनपैकी साधन कोणते ते लिहा. मग कॅलिक्लीजकडे या. ५०५ व्या पानाच्या आसपास तो उत्तरे देणे थांबवतो, आणि सॉक्रेटिसला प्रश्न आणि उत्तरे दोन्ही स्वतःच बोलावी लागतात. पुढे कॅलिक्लीज पुन्हा बोलतो, पण त्याचे मन वळल्याचे चिन्ह अखेरपर्यंत दिसत नाही. त्या पानापर्यंत समासात केलेल्या तुमच्या खुणा मोजा, आणि कॅलिक्लीज गप्प झाला त्या जागी तुम्ही काय बोलला असता ते तिथेच लिहा.